‘क्लचमध्ये ब्रेकचं ऑइल भरलं’ या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

आधी दोनदा ऑइलच्या डबीत ऑइल टाकून काम भागलं होतं, आम्ही मात्र स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) बदलून बिल वाढवलं आणि वर क्लचमध्ये ‘ब्रेकचं’ ऑइल भरलं, असं तुम्ही लिहिलंय.

ऑइलचं आधी. तुमच्या गाडीत ब्रेक आणि क्लचला मिळून एकच डबी आहे. बॉनेट उघडा, झाकणावरच डॉट ४ (ऑइलचा दर्जा) लिहिलंय, म्हणजे दोन्हींना तेच ऑइल. डबीच्या बाजूला, जरा वरच्या अंगाला, एक बारीक रबरी नळी दिसेल. ती क्लचच्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की स्लेव्हकडे ऑइल ढकलणारा) जाते. ती मुद्दाम वर काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी नळीखालचं ऑइल ब्रेकसाठी राहतं. म्हणूनच तुमचे ब्रेक नीट लागत होते, पण क्लचच्या लाइनीत हवा शिरून पेडल खाली बसलं.

क्लच प्लेट झिजल्याने डबीतलं ऑइल कधीच कमी होत नाही. उलट स्लेव्हचा पिस्टन मागे सरकून पातळी किंचित चढते. ब्रेक पॅड झिजले की उतरते, पण तीही सावकाश. तुमचे पॅड बघितले, जाड आहेत. मग महिन्यात दोनदा ऑइल जातं कुठे? पेडलच्या दांड्यावर ओघळ नव्हता, मॅट कोरडी होती, म्हणजे मास्टर ठीक. गिअरबॉक्सवरच्या स्लेव्हचं रबरी बूट (टोकावरचं रबरी आवरण) उचललं तर आत काळं ऑइल साचलेलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पेडल किती वेळा दाबावं लागतं ते तुम्हीच जाणता, दर वेळी थोडं थोडं बाहेर येत होतं. (नशीब, तुमचा स्लेव्ह बाहेरून आहे. काही गाड्यांत तो आत, बेअरिंगसकट असतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.)

नुसतं वायसर किट (स्लेव्हच्या आतली रबरी सील) का नाही टाकलं? कारण बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे होते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, खाडीकाठच्या पावसाळ्यात तर जास्तच. खडबडीत बोअरमध्ये नवं वायसर टिकत नाही.

५०० मिली ऑइल लागलं ते काळं झालेलं सगळं काढून ब्लीडिंग करायला, म्हणजे लाइनीतली हवा काढायला: पेडल दाबून धरायचं, स्लेव्हवरचा निपल (हवा-ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडायचा, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, आणि निपलला लावलेल्या नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत डबी रिकामी होऊ द्यायची नाही. कॅनमधलं उरलेलं आम्ही पुढे वापरत नाही.

चूक आमची इतकी, की एस्टिमेटमध्ये ‘क्लच काम’ एवढंच लिहिलं आणि जुना स्लेव्ह तुम्हाला दाखवला नाही. तो ठेवलेला आहे, या आणि बघा. पार्ट, ऑइल, लेबर असं वेगवेगळं बिलही करून देतो.

आठ दिवसांनी सपाट जागेवर डबीची पातळी बघा. झाकण उघडायची गरज नाही, बाहेरून दिसते. कमाल खुणेच्या वर भरू नका, आणि ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो. पातळी उतरलेली दिसली तर गाडी आणा, परत तपासायचं लेबर घेणार नाही.