स्टीम फ्रेमची किंमत आणि आमचा ठाण्यातला हॉल

स्टीम फ्रेम घ्यायचा का, घ्यायचा तर कितीपर्यंत, हे आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा चघळून झालंय की म्हटलं एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो, परत कोणी विचारलं की ही पोस्ट पुढे ढकलायची आणि मोकळं व्हायचं.

ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी पटकन. व्हॉल्व्ह, म्हणजे स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी, त्यांनी १२ नोव्हेंबर २०२५ ला स्टीम फ्रेम हा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट जाहीर केला. वायर नाही, भिंतींवर सेन्सर ठोकायचे नाहीत, आत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चिप, १६ जीबी रॅम, प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६० चा डिस्प्ले, आणि पट्ट्यासकट वजन ४४० ग्रॅम, बॅटरी मागच्या बाजूला टाकलीय. सगळं सांगितलं, फक्त किंमत सोडून. त्यावर एवढंच बोलले की आमच्या जुन्या हेडसेटपेक्षा, म्हणजे इंडेक्सपेक्षा, स्वस्त असेल. आता इंडेक्सचं पूर्ण किट २०१९ मध्ये ९९९ डॉलरला आलं होतं, म्हणजे त्यापेक्षा स्वस्त यात ५९९ पण बसतं आणि ९९८ पण बसतं. त्यात एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी रॅमचे भाव असे चढवलेत की १६ जीबी रॅमवाली कुठलीही वस्तू स्वस्तात येईल अशी आशा मी तरी सोडलीय.

यावर ग्रुपवरचं ठरलेलं पालुपद: मेटाचा (फेसबुकवाल्यांचा) हेडसेट क्वेस्ट ३ ४९९ डॉलरला आला, त्याचा स्वस्त भाऊ थ्रीएस तर २९९ ला, मग याला जास्त का द्यायचे?

मला या तुलनेचाच वैताग आहे. अरे बाबांनो, ४९९ आणि २९९ ही त्या वस्तूची किंमत नव्हतीच, मेटाने स्वतःच्या खिशातून भर घालून ठेवलेला आकडा होता तो. २०२४ या एका वर्षात त्यांच्या रिअ‍ॅलिटी लॅब्स विभागाचा तोटा १७.७ अब्ज डॉलर आहे, त्यात चष्मेबिष्मे आणि पुढचं सगळं संशोधन आलं हे मान्य, पण हेडसेटवर नफा कमवायचा नाही, आधी लोकांच्या डोक्यावर चढवायचा, हेच त्यांचं धोरण होतं आणि ते उघड बोलत पण होते. आणि हे असं किती दिवस चालणार? क्वेस्ट २ आठवतोय ना, २०२० मध्ये २९९ ला आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच हेडसेटचे थेट शंभर डॉलर वाढवले. जानेवारी २०२६ मध्ये तर व्हीआर गेम बनवणारे स्वतःचेच काही स्टुडिओ बंद केले. व्हॉल्व्हकडे असं अब्जावधी जाळायचं बजेटही नाही आणि तशी सवयही नाही, त्यांची कमाई दुकानातून, गेम विकला की साधारण ३० टक्के. त्यामुळे थोडीफार सूट देतील फार तर, पण क्वेस्टच्या भावाची वाट बघत बसू नका.

बरं, हे सगळं डॉलरचं झालं, आपण राहतो घोडबंदर रोडला.

स्टीमवर गेमचे भाव २०१५ पासून रुपयात दिसतात, सेल लागला की आपण पोत्याने गेम घेतो (आणि त्यातले अर्धे कधी उघडतही नाही, तो विषय वेगळा), पण हार्डवेअर म्हटलं की आपल्याला कोणी विचारत नाही. स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा पीसी, २०२२ मध्ये आला, अजून भारतात अधिकृत विक्री नाही. मेटाचंही तेच, रे-बॅनवाले चष्मे मे २०२५ मध्ये २९,९०० ला इथे आणले पण क्वेस्ट नाही म्हणजे नाही. म्हणजे फ्रेम घ्यायचा तर रस्ते दोनच, अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाईकाची बॅग किंवा ग्रे मार्केट, म्हणजे कंपनीच्या वॉरंटीशिवाय परस्पर आणून विकणारे दुकानदार.

ग्रे मार्केटची गंमत सांगतो. माझ्या आतेभावाने एका दुकानातून क्वेस्ट घेतला, नाव घेत नाही. वॉरंटी काय तर दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड, त्याच्या मागे निळ्या पेनने ‘१ इयर’ आणि वर गोल शिक्का, शिक्का पण अर्धाच उमटलेला. काही महिन्यांत डाव्या कंट्रोलरची स्टिक आपोआप एका बाजूला पळायला लागली, गेममध्ये हा सरळ चालायचा म्हणतोय तर माणूस भिंतीत घुसतोय. दुकानात गेला तर ‘पार्ट नहीं आता इसका, नया कंट्रोलर मंगवा दूँ?’ आणि नव्या कंट्रोलरचा भाव ऐकून तो शेजारच्या गाडीवर वडापाव खाऊन परत आला. तेव्हा फ्रेम समजा ७०० डॉलरला आला, तर ७०० गुणिले ९० बरोबर ६३,००० असं गणित करणाऱ्यांनी त्यात ड्युटी, दुकानदाराचं मार्जिन, आणि बिघडला तर गेलेच अशी मनाची तयारी पण जोडावी. माझ्या हिशेबाने ७०० चा हेडसेट इथे दुकानातून घेतला तर पाऊण लाखाच्या खाली हातात पडणार नाही.

पण खरी किंमत अजून पुढेच आहे आणि ती कुठल्याच स्पेकशीटवर नसते. उभं राहून, हात फिरवून खेळायला मेटा स्वतः दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा ठेवा म्हणते. त्याचे होतात ४३ चौरस फूट. कासारवडवलीला किंवा मानपाड्याला एखाद्या साइट ऑफिसात जाऊन ४३ चौरस फुटांचे किती होतात विचारा, हेडसेट फुकट वाटेल. आमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही युनिट, आईचा दिवाण आणि मधे टीपॉय, म्हणजे खेळायचं तर टीपॉय उचलून बेडरूममध्ये, आईला सांगायचं पाय वर घे, पंखा बंद करायचा कारण आतेभावाचा हात एकदा त्याच्या पात्यापासून चार बोटांवरून गेलाय. आणि मे महिन्यात पंखा बंद करून डोळ्यांवर फोम लावून उड्या मारणं काय असतं ते ठाण्यात राहून करून बघा. पंधरा मिनिटांत लेन्सवर वाफ, फोम घामाने चिंब. तो फोम काढून बाल्कनीतल्या दोरीवर मुलीच्या मोज्यांशेजारी चिमटा लावून वाळत घातलेला मी पाहिलाय, शेजारच्या काकूंनी ‘हे काय गं, ब्रेसियरचं पॅड का?’ असं वहिनीला विचारलं होतं.

दरवर्षी कोणीतरी सांगतं की पुढच्या वर्षी व्हीआर घराघरात, ते आम्ही घोडबंदरवाले मेट्रो ४ च्या तारखेसारखं ऐकतो.

मग मी फ्रेमच्या मागे का लागलोय? कारण मला उड्या मारायच्याच नाहीत. फ्रेममध्ये स्टीमओएस ही व्हॉल्व्हचीच ऑपरेटिंग सिस्टिम आहे, म्हणजे तुमची स्टीमवरची आत्ताची लायब्ररीच तिथे उघडते, साधे सपाट स्क्रीनचे गेमसुद्धा समोर भिंतीएवढा पडदा लावून खुर्चीत बसून खेळायचे, एसी चालू, आई दिवाणावर, सगळे सुखी. हलके गेम हेडसेटच्या आतच चालतील, जड गेम पीसीवरून. त्यासाठी बॉक्समध्येच ६ गिगाहर्ट्झचा वायरलेस डोंगल देतायत, जो पीसीला लावला की हेडसेट थेट त्याच्याशी बोलतो, घरच्या राउटरचा संबंधच नाही. आमच्या टॉवरमध्ये वायफायची यादी उघडली की बोटाने स्क्रोल करत राहावं लागतं, प्रत्येक घरात एक राउटर आणि काहींकडे दोन, त्या गर्दीत ५ गिगाहर्ट्झवर आतेभावाचं स्ट्रीमिंग अडखळतं ते मी बघितलंय, त्यामुळे या डोंगलचं महत्त्व मला कुठल्याही चिपपेक्षा जास्त वाटतं. आणि डोळे कुठे बघतायत ते ओळखून तेवढ्याच भागात जास्त डेटा ओतायचा ही त्यांची युक्तीही भारी आहे, क्वेस्ट ३ मध्ये डोळ्यांचं ट्रॅकिंगच नाही. उलट बाहेरचं जग रंगीत बघायचं असेल तर क्वेस्ट ३ सरस, फ्रेमचे कॅमेरे काळेपांढरे. मला माझा हॉल रंगीत बघायची काही हौस नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की व्हॉल्व्हने कंट्रोलरशिवायचा नुसता हेडसेट विकावा. इंडेक्सच्या वेळी विकलाच होता की, नुसता हेडसेट ४९९, कंट्रोलरसकट ७४९ आणि भिंतीवरच्या सेन्सरसकट (बेस स्टेशन) ९९९ डॉलर. खुर्चीत बसून खेळणाऱ्याकडे गेमपॅड आधीच असतो, त्याने त्या दोन कंट्रोलरचे पैसे का भरायचे? ते वगळून इथे हातात ५५,००० च्या आत पडला तर मी घेतो. कंट्रोलरसकट ७०,००० पर्यंत कुरकुरत घेईन, पण पहिल्या लॉटमधला नाही. त्याच्या वर गेला तर राम राम, तेवढ्यात चांगला ओलेड मॉनिटर येतो, तो सगळ्या घराला दिसतो आणि त्याला घाम येत नाही. आणि ज्यांच्याकडे गेमिंग पीसीच नाही, स्टीमवर चार गेमही नाहीत, त्यांनी या फंदात पडूच नये, कोणाचा तरी वापरलेला थ्रीएस बघा, मुलं खेळतील.

न्यू जर्सीची मावसबहीण डिसेंबरमध्ये येतेय, तिला मी आत्तापासूनच गोडीगुलाबीने धरलंय. बॅगेत आईच्या बदाम-पिस्त्यांचा नंबर आधी लागलाय, उरलेल्या जागेत डबा बसतो का ते ती मोजून सांगणार आहे.