धार, थेंब आणि इतर जाहीर बाबी

लघवी हा विषय दोनच वयांत चारचौघांत निघतो. एकदा अगदी तान्हेपणी आणि दुसऱ्यांदा प्रोस्टेट वाढल्यावर. मधली साठेक वर्षं माणूस "जरा जाऊन येतो" एवढ्यावर निभावून नेतो. कुठे, किती, कशी, हे कुणी विचारत नाही. हे केवढं मोठं स्वातंत्र्य आहे ते ते गेल्यावर कळतं. आज माझ्या लघवीबद्दल बायकोला, मुलाला, सुनेला, दोन डॉक्टरांना आणि एका सिस्टरना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि त्यातली बरीचशी लेखी आहे.

सुरुवात रात्रीच्या फेऱ्यांनी झाली. पोटातून तातडीचं बोलावणं यायचं. चपला न घालता, भिंत चाचपत, दिवा न लावता पळायचं, आणि प्रत्यक्ष जागेवर उभं राहिलं की समोर सगळं शांत. काही घाई नव्हतीच जणू. मग उभ्या उभ्या वाट पाहायची. नळ जरासा सोडून ठेवायचा, म्हणजे त्याचं ऐकून आपल्यालाही हुरूप येतो, असा माझा समज होता. मग एक बारीक धार, मग थांबा, मग थेंब, मग "संपली वाटतं" म्हणून वळावं तर पुन्हा दोन थेंब, तेही पायजम्यावर. अंथरुणात येऊन पाठ टेकली की लगेच वाटायचं, थोडी राहिलीच आहे.

"अहो, परत?" शेजारून अर्धवट झोपेतला आवाज यायचा. बायकोच्या झोपेत माझी मोजदाद चालू असे, हे मला नंतर डॉक्टरांसमोर कळलं. मी "एक-दोनदा उठतो" असं सांगताच तिनं मान हलवली आणि आकडा दुरुस्त केला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट ही ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्या बरोबर मधून जाते. तरुणपणी ग्रंथीचं वजन २० ग्रॅमच्या आसपास असतं. पुढे हार्मोन्सच्या मेहेरबानीनं ती वाढत राहते आणि मधल्या नळीला आवळते. केस गेले, उंची घटली, दात हलायला लागले, सगळं शरीर आवरतं घ्यायला लागलं, आणि वाढीचा उत्साह उरला तो या एकटीलाच! साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांची ती वाढलेली असते आणि पंच्याऐंशीपर्यंत जवळजवळ नव्वद टक्क्यांची. "हा कॅन्सर नाही आणि ही वाढ पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाही. पण वेगळा कॅन्सर नाही ना, हे बघायला पीएसएची रक्ततपासणी करू," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या बाबतीत बहुमतात होतो.

मग बोटानं करायची ती तपासणी झाली. तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. हातमोजा होता, एवढं पुरे.

त्यानंतर एक प्रश्नपत्रिका आली. हसू नका, खरोखर असते, आणि जगभर तीच वापरतात. सात प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त पाच गुण, एकूण ३५. फरक इतकाच की इथे जास्त गुण पडले तर तुमचं काही खरं नसतं. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम आणि विसापासून पुढे गंभीर. धार बारीक आहे का, मध्येच तुटते का, कुंथावं लागतं का, वगैरे. या सगळ्याच्या शेवटी एक बिनगुणांचा, पण खरा प्रश्न येतो: उरलेलं सगळं आयुष्य लघवीची तक्रार आहे तशीच राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? पर्याय 'आनंद होईल' इथपासून 'भयंकर वाटेल' इथपर्यंत. 'आनंद होईल' वर खूण करणारा गृहस्थ मला एकदा भेटायचा आहे. मी सभ्यपणे मधला पर्याय निवडत होतो, तेवढ्यात बायकोनं पेन घेतलं आणि 'भयंकर' वर खूण केली. "तुम्हाला नसेल वाटत, मला वाटतं," ती म्हणाली.

पण खरा कस लागतो तो धारेच्या तपासणीत. युरोफ्लोमेट्री तिचं नाव. पाणी पीत बसायचं आणि चांगली जोराची लागली की सांगायचं. निदान १५० मिलीलिटर तरी व्हायला हवी, नाहीतर निकाल धरत नाहीत. एका छोट्या खोलीत स्टँडवर नरसाळं, त्याखाली भांडं आणि भांड्याखाली वजन टिपणारं यंत्र. तुम्ही आत एकटे, दाराबाहेर तंत्रज्ञ मुलगा, आणि यंत्राचा बारीक घूं असा आवाज. घरी धावत जावं लागायचं, इथे मात्र पोट तुडुंब असूनही एक थेंब हलेना. मी छताकडे पाहिलं. पाढे म्हटले. शाळेतल्या कविता आठवून पाहिल्या. बाहेरून आवाज आला, "काका, झालं का?" त्यामुळे जी थोडी तयारी झाली होती तीही मोडली. शेवटी एकदाची सुरू झाली, आणि यंत्रानं कर्रकर्र करत आलेख काढला. धडधाकट माणसाचा आलेख टेकडीसारखा वर जाऊन उतरतो आणि शिखर सेकंदाला १५ मिलीलिटरच्या वर असतं. माझ्या आलेखात टेकडी नव्हतीच. लांबच लांब माळरान होतं, मधे मधे खड्डे. तंत्रज्ञ मुलगा तो कागद हातात धरून काही क्षण बघत राहिला आणि म्हणाला, "बराच वेळ चालली." यात कौतुक होतं की सांत्वन, ते मी विचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. एक मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी. तिनं लवकर गुण येतो, फक्त झटकन उठून उभं राहिलं की गरगरतं. दुसरी ग्रंथी आकसवणारी. ती सहा महिने तरी धीर धरा म्हणते. बऱ्याच जणांचं आयुष्य या गोळ्यांवर सुखानं जातं. माझंही जात होतं. मग साधी सर्दी झाली. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक असणार? नाक मोकळं झालं आणि खालचा दरवाजा बंद. पूर्ण बंद. रात्री उशिरा मुलानं गाडी काढली. रस्त्यावरचा एकेक खड्डा मला वैयक्तिक वाटला. दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरनं नळी घातली आणि पिशवी भराभर भरायला लागली. त्या क्षणी मी त्या पोराच्या पाया पडलो असतो, पण अवस्था वाकण्याजोगी नव्हती.

ऑपरेशन ठरलं. 'ऑपरेशन' म्हटल्यावर चिंतेत पडलेली मंडळी 'लेझरनं' म्हटल्यावर एकदम खुलली. "मग काय, बाहेरूनच मारतात!" "पाच मिनिटांत घरी!" एका मित्रानं मोतीबिंदूच्या अनुभवावरून मला धीर दिला. पत्ता चुकला होता, पण भावना चांगली होती. डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. लेझर बाहेरून मारत नाहीत. दुर्बीण, लेझरचा केसासारखा धागा, पाण्याचा प्रवाह, सगळं त्याच वाटेनं आत जातं, ज्या वाटेनं आजवर फक्त बाहेरच येत होतं. हे ऐकल्यावर मुलानं पाय आपोआप जवळ घेतले.

लेझरमागचं तत्त्व आइनस्टाइननं १९१७ साली मांडलं आणि मेमननं १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चमकवला. दोघांच्याही डोळ्यांसमोर माझी प्रोस्टेट असण्याचं कारण नव्हतं. एक हिरवा लेझर असतो, ५३२ नॅनोमीटरचा, तो ग्रंथीची वाफ करतो. पण वाफ झाल्यावर तपासायला तुकडा उरत नाही. माझ्या वाट्याला होल्मियम आला. २१०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. पाण्यात तो झटकन शोषला जातो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या आतच त्याचा जोर संपतो आणि खालचं मांस शाबूत राहतं. वाढलेला भाग त्यानं आवरणापासून सुटा करायचा, मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे दुसऱ्या यंत्रानं बारीक करून ओढून घ्यायचा. न्यूझीलंडमधल्या टौरंगा इथल्या पीटर गिलिंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली. विजेच्या कडीनं खरवडायची जुनी पद्धतही अजून चांगलीच आहे, पण मोठ्या ग्रंथीला ही बरी आणि रक्त कमी जातं, असं डॉक्टर म्हणाले.

सहीच्या कागदावर एक कलम होतं. यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. त्रास काही नाही, पण मूल होणं अवघड. डॉक्टरांनी ते माझ्या मुलासमोर आणि सुनेसमोर, अगदी गंभीरपणे, सावकाश समजावलं आणि विचारलं, "चालेल ना?" मी विचार करतोय असा चेहरा केला. बायकोला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय माझे राहिले नाहीत. मी जागा होतो, डॉक्टर पडद्यावर बघत काम करत होते आणि भूलतज्ज्ञ मला निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता ते विचारत होते. आता त्यांना काय सांगणार, रांगेत उभा राहतो म्हणून?

खरा सार्वजनिक कार्यक्रम नंतर सुरू झाला. तीन तोंडांची नळी: एकातून सलाईन आत, एकातून सगळं बाहेर, तिसऱ्यातून आतला फुगा फुगवलेला, नळी निसटू नये म्हणून. आणि पलंगाला लटकलेली, पारदर्शक, सर्वांना दिसेल अशी पिशवी. खोलीत येणारा माणूस आधी पिशवीकडे बघे, मग माझ्याकडे. डॉक्टर पिशवीला उद्देशून म्हणत, "छान!" सफाई करणाऱ्या मावशीसुद्धा झाडू थांबवून म्हणाल्या, "कालच्यापेक्षा रंग उतरलाय हो." रात्री मुलानं डॉक्टरांना पाठवायचा म्हणून पिशवीचा फोटो काढला आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. काढून टाकेपर्यंत एका काकूंनी नमस्काराचे हात आणि गुलाबाचं फूल पाठवलं होतं. मेहुण्यानं अंगठा.

मधूनच पोटात कळ यायची आणि जोराची लागल्यासारखं व्हायचं. "सिस्टर, लघवीला लागलीय!" "काका, नळी आहे, होतेच आहे." "पण लागलीय!" "होतेच आहे, काका." हा संवाद आम्ही दोघांनी पाठ केला होता.

भेटायला येणाऱ्यांची मात्र निराशा झाली. ऑपरेशन म्हटलं की दाखवायला काहीतरी हवं. "टाके किती?" एकही नाही. "पट्टी?" नाही. "मग कापलं कुठून?" असं एका वयस्कर मावशींनी विचारलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. बरणीत मात्र माझा सत्तर-एक ग्रॅमचा ऐवज होता, तो तपासणीला गेला आणि साध्या वाढीचा अहवाल घेऊन आला. तो अहवाल येईपर्यंत बायको फारसं बोलत नव्हती. आल्यावर तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मग मला पाणी न पिण्यावरून रागावली.

नळी निघाली. पहिल्या वेळी आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला! दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोनं तो ऐकला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

हे सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. धार आली पण लगाम सैल झाला. शिंक आली, खुर्चीतून उठलो, जोरात हसलो, की थेंब. काही आठवडे पॅड वापरावे लागले. शिवाय जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, पाणी भरपूर. आणि केगलचे व्यायाम. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात ते बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी सुचवले होते. आता ते मी करतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, धरायचे, सोडायचे. कुठेही करता येतात, कुणाला कळत नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. ते खोटं आहे. बातम्या बघताना मी ते करत होतो, तर सून धावत आली, "बाबा, काय होतंय? चेहरा असा का?"

थेंब थांबले. आता मी जाणकार झालो आहे. सकाळी फिरायला येणारे समवयस्क मला बाजूला घेतात. विचारण्याची पद्धत ठरलेली. "माझं नाही हं, मेहुण्याचं विचारतोय." परवा एकजण असाच भेटला. मेहुण्याला रात्रीतून खूपदा उठावं लागतं, धार तुटते, डॉक्टरकडे जायला लाजतो. मी सांगितलं, मेहुण्याला म्हणावं आधी सोनोग्राफी आणि धारेची तपासणी करून घे, गोळ्यांवरही भागेल कदाचित, आणि मनानं सर्दीची गोळी घेऊ नकोस. त्यानं सगळं नीट ऐकलं. मेहुण्याला दुखेल का, विचारलं. मेहुण्याला किती दिवस नळी ठेवतील, विचारलं. मग एकदम पाय जुळवून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, "आलोच" म्हणाला आणि मेहुण्याच्या वतीनं कोपऱ्यातल्या मुतारीकडे पळाला.