टिपरे आवडतात ते जुने दिवस आठवतात म्हणून नाही!

आज एका घरी जेवणं झाल्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या जुन्या मालिकेचा विषय निघाला. एक तरुण पाहुणा सहज म्हणाला, "काकू, त्यात तसं काही नाहीये, तुम्हाला तुमचे जुने दिवस आठवतात म्हणून आवडते ती सिरियल." चारचौघांत बोलले नाही. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

कसले जुने दिवस? 2001 साली ही मालिका अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झाली, तेव्हा इंदुरात लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. अल्फा मराठी आमच्या रामबागेतल्या केबलवर दिसावं म्हणून सासऱ्यांनी, अण्णांनी, केबलवाल्याकडे खेटे घातले होते. आणि एका रात्री भाग ऐन रंगात आला असताना लाइट गेली. आम्ही सगळे हळहळलो. अंधारातून अण्णांचा आवाज आला, "थांबा, पुढचं आपण करू."

आणि आम्ही केलं! मुलगी झाली टिपऱ्यांची नात शलाका, धाकटा नातू शिऱ्या, मी त्यांची आई श्यामला. ह्यांनी आबांचा, म्हणजे आजोबा गंगाधर टिपऱ्यांचा, आवाज लावला आणि अण्णा झाले आबांचा मुलगा शेखर. खरे वडील मुलगा झाले न्‌ खरा मुलगा वडील.

आता मला सांगा, आजच्या कुठल्या मालिकेचा पुढचा भाग घरातली माणसं अंधारात बसून रचू शकतील? शिऱ्या कुठली सबब काढेल, श्यामला कुठे चिडेल, हे आम्हाला लिहून द्यावं लागलं नाही. कारण ती माणसं घाईघाईत टीव्हीसाठी जन्मलेलीच नव्हती. दिलीप प्रभावळकर आधी 'लोकसत्ते'त 'अनुदिनी' हे सदर लिहायचे, त्यात टिपऱ्यांच्या घरातलं एकेक जण आपली डायरी लिहायचं. म्हणजे प्रत्येकाच्या मनात शिरून त्याची बाजू आधीच मांडलेली. मग केदार शिंदेंच्या मालिकेत कुणी नुसती 'सून' किंवा नुसता 'म्हातारा' कसा उरेल? शुभांगी गोखलेंची श्यामला बघा. वैतागते, धावपळ करते, पण तिला कुणी खाष्टही केलं नाही आणि देवीही केलं नाही.

आणि हल्लीची स्किट्स! पुरुषाला साडी नेसवली की हशा. बाई जाड असली की हशा. आजोबांना ऐकू येत नाही, की हशा. माझा संताप होतो. घरातल्या माणसाच्या व्यंगावर हसायला लेखक कशाला लागतो? टिपऱ्यांत आबांना हसत नाही आपण, आबांबरोबर हसतो. नातवंडांच्या जगात नक्की काय चाललंय याचं त्यांना केवढं कुतूहल! आबा साकारणारे प्रभावळकर तेव्हा स्वतः साठीच्याही आतले होते, हे आजही खरं वाटत नाही. 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, 'चौकट राजा'तला नंदू आणि हे आबा, एकाच माणसाने केलेत!

हो, काही भाग रेंगाळतात, आणि सगळं मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातच घडतं. मान्य.

पण मला त्या रात्रीचंच पुनःपुन्हा आठवतंय. अण्णा तसे मोजकं बोलणारे. मिल बंद पडल्यावर तर मुलाशी बोलणं म्हणजे बिलं आणि औषधं, एवढंच उरलं होतं. त्या अंधारात शेखर होऊन ते म्हणाले, "आबा, तुम्ही माझं ऐकूनच घेत नाही." आणि हे आबांच्या आवाजात म्हणाले, "ऐकतो रे, सांग." मग काय काय बोलले दोघं! ओटल्यावरचे शेजारीसुद्धा येऊन ऐकत बसले. स्वतःच्या नावाने अण्णा हे कधीच बोलले नसते. शेखर आणि आबा होते म्हणून बोलता आलं. आजकालच्या त्या स्किटमधल्या बहिऱ्या आजोबांचं सोंग घेऊन कुठला बाप आपल्या मुलाशी असं बोलेल?

आमची नात परवा फोनवर हेच भाग बघत लोळत होती. तिचा जन्म मालिका संपल्यावर कितीतरी वर्षांनी झालाय. लोड-शेडिंग तिला माहीत नाही, अल्फा मराठी नाही, रामबागेतलं ते घरही नाही. शिऱ्याला बोलणी बसली की खो खो हसते, आणि परवा मला विचारते, "आजी, शलाका तुला आवडते का श्यामला?"

मी श्यामला म्हटलं. तिला शलाका आवडते, आणि त्यावरून आमचं अजून चाललंय.