सेल्फ मारण्याआधी कान द्या

मंगळवारी पहाटे सव्वासहाला आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. कोथरूडहून सदाशिव पेठ, फार लांब नाही. गाडीची चावी फिरवली तर नुसतं कट्-कट्-कट्. आई मागे औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी घाबरून आठ-दहा वेळा सेल्फ मारला. शेवटी कट्-कट्ही बंद. रिक्षाने गेलो.

दुपारी एका गॅरेजला फोन केला. गाडी न बघताच "स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदलावा लागेल" म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी चढलेली आणि क्लॅम्प बोटाने हलत होता. आधी काळी वायर काढली, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून काकांनी हळूहळू ओतला. फसफसून फेस आला आणि खालचं करडं शिसं दिसायला लागलं. पुसून, पान्याने आवळून, शेजारच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जम्पर दिला. एका सेल्फमध्ये गाडी सुरू!

तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय, गाडी काय म्हणते ते आधी ऐका. भराभर कट्-कट् आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं. दिवे लख्ख पण एकच 'टक', तर संशय स्टार्टरवर. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. पेट्रोल पोचत नसेल किंवा स्पार्क नसेल. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली पंपाची दोनेक सेकंद घरघर येते, तीही ऐका. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी चावी ओळखत नसेल, दुसरी लावून बघा. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घरात ठेवाच: बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी चालू असताना १४ च्या आसपास नसेल, तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघा.

एका बाबतीत मात्र हात जोडून सांगतो. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीला सेल्फ मारूच नका, एकदाही नाही. सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. इंजिन उघडायचा खर्च कुठल्या कुठे जातो, आणि साध्या विम्यात तो बहुधा बसत नाही.

आईचा डोळा छान आहे. जम्पर केबल आता माझ्या डिकीत कायम असते. सोसायटीत कुणाची गाडी अडली तर पहाटेही बेल वाजवा, मी खाली येईन.