अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला एखादा तळाचा संघ सलग दहा-बारा सामने हरला की एक युक्तिवाद हमखास फिरायला लागतो. कोचची किंमत कळायला एकच आकडा पुरे: जिंकले किती, हरले किती. ‘संघ नव्याने उभारतोय’ ही पळवाट; नाचता येईना अंगण वाकडं. खरा कोच हाताशी असलेल्या खेळाडूंकडूनच जिंकून दाखवतो. तीन वर्षांत प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) गाठता आला नाही तर त्याला नारळ द्या आणि जिंकायची सवय असलेला माणूस आणा. कोच बदलला की संघ कसा पालटतो ते बघाच. आणि समोरचा संघ सलग गुण काढत असताना जो टाइमआउट घेऊन खेळ थांबवत नाही, तो कसला कोच?

ऐकायला रोखठोक वाटतं. मुद्दे सुटे करून तपासले की त्यातलं थोडंच हाती राहतं. जे राहतं तेही मी लपवणार नाही.

पहिला मुद्दा, ‘आकडा खोटं बोलत नाही’. ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मार्क डेगनॉल्टला कोच केलं. पहिला मोसम २२-५० (२२ विजय, ५० पराभव), दुसरा २४-५८. त्या दुसऱ्या मोसमात, २ डिसेंबर २०२१ ला, मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं. ७३ गुणांनी हार. लीगच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी हरलं नव्हतं. वरचा नियम लावला तर त्याच रात्री डेगनॉल्टची बॅग भरायला हवी होती. पुढचे आकडे असे: ४० विजय, मग ५७ आणि ‘कोच ऑफ द इयर’, मग ६८-१४ आणि २०२५ चं विजेतेपद. माणूस तोच. तोही या काळात शिकला असेलच, पण २४ विजयांचा अडाणी तीन मोसमांत ६८ विजयांचा पंडित झाला, असं मानायला मी तयार नाही.

त्यातही पहिल्या मोसमातले ते २२-५० जरा उघडून बघण्यासारखे आहेत. थंडर एका टप्प्यावर १९-२४ होते. एवढ्या कच्च्या संघासाठी चांगलंच. मग संघाचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर पायाच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि अल हॉरफर्ड धडधाकट असताना व्यवस्थापनाने त्याला उरलेल्या मोसमासाठी बसवून ठेवलं. शेवटच्या २९ सामन्यांत तीन विजय. म्हणजे एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या संघांचा हिशोब लिहिलेला आहे. हॉरफर्डला का बसवलं, यातही गूढ काही नाही. ड्राफ्टमध्ये संघ नवे खेळाडू निवडतात, आणि आधी कोणी निवडायचं ते हरलेल्या संघांत लॉटरीने ठरतं. २०१९ पासून त्या लॉटरीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी मिळायला लागली होती. म्हणजे हार व्यवस्थापनाच्या फायद्याची असते. निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि हार लिहिली जाते कोचच्या नावावर.

शिवाय नशीब आहे. प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ३० टक्के आहे असा संघ घ्या. ८२ सामन्यांत त्याचे साधारण २५ विजय व्हायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा चारेकांनी इकडेतिकडे होणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. २१ झाले की ‘कोच निकामी’, २९ झाले की ‘बघा, पोरं शिकतायत’. संघ तोच, कोच तोच, फरक फक्त शेवटच्या सेकंदाला रिंगवर नाचून बाहेर पडलेल्या पाच-सात चेंडूंचा.

दुसरा मुद्दा म्हणजे अंगण. इथे मला युक्तिवाद करणाऱ्यांचा थोडा रागच येतो, कारण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं आणि ते मुद्दाम वाकडं केलेलं असतं. ब्रेट ब्राउन फिलाडेल्फियाला २०१३ मध्ये कोच म्हणून आला. पहिली तीन वर्षं १९-६३, १८-६४, १०-७२. एकूण ४७ विजय, १९९ पराभव. संघाचा पुढचा आधार जोएल एम्बीड २०१४ मध्ये ड्राफ्ट झाला आणि पायाच्या दुखण्याने दोन मोसम एकही सामना खेळला नाही. रूकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंतला सर्वोत्तम) ठरलेला मायकल कार्टर-विल्यम्स पुढच्याच मोसमात दुसऱ्या संघाला दिला गेला. यात कोचने ‘हाताशी असलेल्या खेळाडूंकडून’ जिंकायचं म्हणजे नेमकं कोणाकडून? नावं लक्षात राहायच्या आत माणसं बदलत होती.

अशा कोचला मोजायचं तर त्याच्याकडे टिकून राहिलेल्या खेळाडूंचं काय झालं ते बघायला हवं. रॉबर्ट कोव्हिंग्टनला २०१३ च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं, तेव्हा २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाने उचललं. २०१८ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचात होता. टी. जे. मॅककॉनेललाही ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नाही; त्याची एनबीएमधली सुरुवात ब्राउनच्या हाताखाली झाली आणि तो अजूनही लीगमध्ये टिकून आहे. विजयांच्या रकान्यात यातलं काही दिसत नाही. पाचव्या मोसमात संघ ५२-३० झाला तेव्हा श्रेय एम्बीड आणि दुसरा तरुण खेळाडू बेन सिमन्स यांना मिळालं, आणि ते बहुतांशी बरोबरच होतं. पण मग पहिल्या तीन वर्षांचं खापर तेवढं ब्राउनच्या डोक्यावर का? यश खेळाडूंचं आणि अपयश कोचचं, हा हिशोब कोणत्या वहीत बसतो?

याहून स्वच्छ उदाहरण ब्रुकलिन नेट्सचं आहे. स्वच्छ अशासाठी की त्यांना हरण्यात काही फायदाच नव्हता; २०१३ च्या गार्नेट-पिअर्स व्यवहारात पुढच्या वर्षांचे ड्राफ्टचे हक्क बॉस्टनला देऊन झाले होते. केनी अ‍ॅटकिन्सन २०१६ मध्ये कोच म्हणून आला तो या रिकाम्या कोठारात. २०-६२, मग २८-५४, मग ४२-४० आणि प्लेऑफ. स्पेन्सर डिनविडी डी-लीगमधून, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधून आणलेला. जो हॅरिसला ओरलँडोने सोडून दिलं होतं. २०१९ मध्ये त्याने ऑल-स्टार सामन्याच्या वेळची थ्री-पॉइंट (लांबून तीन गुणांचे चेंडू टाकायची) स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत स्टेफ करीला मागे टाकून. कॅरिस लेव्हर्ट ड्राफ्टमध्ये विसावा, जॅरेट अ‍ॅलन बाविसावा. पहिल्या मोसमाच्या शेवटी, वीस विजयांवर निकाल लावला असता तर नेट्सनी हा माणूस गमावला असता.

तिसरा मुद्दा दिसायला सगळ्यात भक्कम आहे: ‘कोच बदलला, संघ पालटला.’ डेट्रॉइट पिस्टन्सचं नाव लगेच पुढे येतं. २०२३-२४ मध्ये मॉन्टी विल्यम्सकडे १४-६८. पुढच्या वर्षी जे. बी. बिकरस्टाफकडे ४४-३८. झालं, सिद्ध! पण त्या उन्हाळ्यात व्यवस्थापनही बदललं आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे बाहेरून चेंडू टाकू शकणारे अनुभवी लोक आले. एकट्या बीझलीने मोसमात तीनशेच्या वर थ्री-पॉइंटर टाकले. संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमला आत घुसायला अचानक जागा मिळाली, शिवाय तो वर्षभराने मोठा झाला होता. बिकरस्टाफचं काम चांगलंच होतं, याबद्दल वाद नाही. पण ३० विजयांची वाढ सगळी त्याच्या खात्यात टाकणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

हाच बिकरस्टाफ त्याआधी क्लीव्हलंडला २२-५० होता. त्यानंतर ड्राफ्टमधून एव्हन मोबली आला आणि विजय दुप्पट झाले: ४४-३८. पुढे ५१ आणि ४८ विजय मिळवूनही त्याला काढलं. त्याच्या जागी कोण आलं? आपले ब्रुकलिनवाले अ‍ॅटकिन्सन. मिचेल, गारलंड, मोबली, अ‍ॅलन हे चौघे तेच ठेवून त्यांनी ६४-१८ केले.

इथे मला एक गोष्ट मान्य करायलाच हवी. क्लीव्हलंडच्या उदाहरणात कोचचा फरक दिसतो, आणि तो विजयांच्या आकड्यातच दिसतो. का? तर मुख्य खेळाडू जागच्या जागी होते. बाकी सगळं स्थिर असेल तेव्हा हार-जीत कोचबद्दल काहीतरी सांगते. नव्याने उभारणी चाललेल्या संघात स्थिर असं काहीच नसतं. तिथे दरवर्षी अर्धा संघ नवा आणि मुख्य खेळाडू वीस-बावीसचे. ज्या संघांबद्दल हा नियम सगळ्यात जोरात सांगितला जातो, तिथेच तो सगळ्यात कमी लागू पडतो.

‘तीन वर्षांची मुदत’ हा मुद्दा थोडक्यात आटोपतो. पी हळद आणि हो गोरी, एवढंच त्याचं सार. तीन हा आकडा आला कुठून ते कोणी सांगत नाही. एम्बीडची पहिली दोन वर्षं त्या तिनात धरायची की नाही, तेही नाही.

‘जिंकायची सवय असलेला माणूस आणा’ हे मात्र करून बघितलेलं आहे. फिनिक्सला २०२१ मध्ये अंतिम फेरीत नेणारा आणि पुढच्या वर्षी ६४-१८ करणारा मॉन्टी विल्यम्स डेट्रॉइटने २०२३ मध्ये आणला. सहा वर्षांचा करार, सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर दशलक्ष डॉलर. संघाने सलग २८ सामने हरून एका मोसमातला विक्रम केला आणि वर्षभरात विल्यम्स घरी गेला. तेव्हा सॅन अँटोनिओचा कोच असलेल्या ग्रेग पोपोविचकडे पाच विजेतेपदं आहेत. बहुचर्चित तरुण खेळाडू व्हिक्टर वेम्बन्यामा यायच्या आदल्या मोसमात सॅन अँटोनिओ २२-६० होतं आणि तो आल्यावरच्या मोसमातही २२-६०. सवय कोचच्या खिशात असती तर पोपोविचपेक्षा मोठा खिसा कोणाचा होता?

राहिला टाइमआउटचा मुद्दा. समोरच्या संघाने सलग दहा गुण काढले आणि कोच हाताची घडी घालून बघत बसला, की आपण उंटावरचे शहाणे लगेच ओरडतो. अकरा विजेतेपदं मिळवलेला फिल जॅक्सनही असाच बसून राहण्यासाठी प्रसिद्ध होता; मैदानावरचा गोंधळ खेळाडूंनीच निस्तरावा ही त्याची पद्धत. तरुण संघात याला आणखी अर्थ येतो. तो सामना एखादवेळी हातचा जातो. पण विसाव्या वर्षी ज्याने स्वतःची गाडी एकदाही रुळावर आणली नाही, तो पंचविसाव्या वर्षी प्लेऑफमध्ये ती आणेल कशी?

मग कोचचं काम दिसतं कुठे? मी बघतो ते असं. बॉल घेतलेला गार्ड साथीदाराच्या आडोशाने (स्क्रीन) वळून रिमकडे, म्हणजे बास्केटकडे निघाला की मी त्याच्याकडे बघतच नाही. मी बघतो पलीकडच्या बाजूला, कॉर्नरमधल्या शूटरवर पहारा देणाऱ्या पोराकडे. त्याने शूटरला सोडून रिमसमोर यायचं, घुसणाऱ्याला क्षणभर अडवायचं, आणि पास सुटला की हात वर करून पुन्हा कॉर्नरकडे पळायचं. नोव्हेंबरमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा पास सुटलेला बघून निघतो; शूटरला निवांत वेळ मिळतो. मार्चमध्ये तोच पोरगा पास देणाऱ्याचा खांदा वळताच निघालेला असतो. चेंडू तेव्हाही आत जाऊ शकतो. फलकावर दोन्ही वेळा तीनच गुण लागतात आणि दोन्ही सामने हरलेले असू शकतात. पण मधल्या चार महिन्यांत कोणीतरी रोज त्या पोराच्या मागे लागलेलं आहे, हे त्या अर्ध्या सेकंदात दिसतं. (हे बघायला प्रक्षेपण सारखं मागेपुढे करावं लागतं. घरचे वैतागतात.)

अशीच एक गोष्ट तेव्हा सॅन अँटोनिओत असलेल्या जेरेमी सोहानची. रूकी असताना त्याचे निम्म्याहून जास्त फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा फेक) चुकत होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो एका हाताने फ्री थ्रो टाकायला लागला. डावा हात चेंडूला लावायचाच नाही. हजारो लोकांसमोर, लहान मुलं गंमत म्हणून टाकतात तसं. मोसम संपेपर्यंत त्याची टक्केवारी सत्तरच्या आसपास गेली होती. पुढच्या वर्षी पोपोविचने त्यालाच पॉइंट गार्ड (चेंडू घेऊन खेळ चालवणारा) करून बघितलं आणि तो प्रयोग सपशेल फसला. त्यात सामनेही गेले. पण सोहान पॉइंट गार्ड नाही, हे संघाला कळलं. ते कळवून घ्यायला २२ विजयांच्या वर्षापेक्षा स्वस्त वर्ष मिळत नाही.

‘म्हणजे तळाच्या संघाच्या कोचला कधी दोषच द्यायचा नाही?’ असं कोणी विचारेल. द्यायचा, खुशाल द्यायचा. डेट्रॉइटच्या त्या मोसमात जेडन आयव्ही, आदल्याच वर्षी पाचव्या क्रमांकावर घेतलेला, सुरुवातीला बाकावर होता आणि त्याच्या जागी किलियन हेझ खेळत होता. हेझला संघाने पुढच्या फेब्रुवारीत सोडून दिलं. बाकावरच्या पाचही जणांना एकदम मैदानात उतरवण्याचा हट्ट विल्यम्सने महिनोन्‌महिने चालवला. जी पोरं वाढवायची तीच बाहेर, आणि ज्यांचं भविष्य या संघात नव्हतं ते आत. विल्यम्सला जाब विचारायचा तर यासाठी. त्याचे १४ ऐवजी २४ विजय झाले असते, तरी आयव्हीचे ते आठवडे वायाच गेले असते.