आवाज इथवर येत व्हता का?

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. आधीची दोन्ही पुसली, कारण त्यात शिव्याच जास्त झाल्या होत्या. आता चहा घेऊन बसले आहे, बघू.

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लोककलेचा कार्यक्रम होता. फेटे, नथी, दारात रांगोळी, सगळं साग्रसंगीत. निवेदन करणारी मुलगी गोड होती, बोलायचीही छान. आणि मध्येच दिवे मंद झाले, मागे बासरी सुरू झाली. मी शेजारणीला म्हटलं, आली बघ विठाबाईंची गोष्ट. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची.

आलीच. नऊ महिने भरलेले, बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. हॉल रडला. टाळ्या पडल्या. 'यालाच म्हणतात कलेवरची निष्ठा', असं मुलगी म्हणाली. दिवे लागले आणि लगेच टिकल्यांच्या साड्या नेसलेल्या सहा मुली डीजेवरच्या सिनेमातल्या लावणीवर नाचल्या. मग पावभाजी.

संपल्या विठाबाई. पावभाजीच्या रांगेत मी चार जणींना विचारलं, त्या गायच्या कशा गं? एकीनं खांदे उडवले, दुसरी म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच असतं.

असतं माझं काहीतरीच. कारण मला आमच्या पडवीतली ती बाई आठवते. विठाबाई नव्हेत, नाव माहीत नसलेली, तमाशाच्या कुठल्याशा फडातली एक बाई.

जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव. 1979 सालची चैत्रातली यात्रा, मी नऊ वर्षांची. फड उतरला होता मराठी शाळेच्या मैदानात, ओढ्यापलीकडे. दुपारी ती आमच्या दारात आली, कडेवर तीन-चार महिन्यांचं पोर. पोराला ताप होता, आणि तंबूत ढोलकी-हलगी घुमायला लागली की ते दचकून उठायचं. रातच्याला पडवीत निजवू का म्हणून विचारत होती. आजीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोर घेतलं. आधी चहा दिला. कोणत्या कपात ते लिहूनच टाकते, नाहीतर तुम्ही माझ्या आजीला संत कराल. पडवीच्या कोनाड्यात एक दांडी तुटलेला कप असायचा. कोणासाठी, ते आपल्या गावांकडच्या माणसांना सांगायला नको. त्यात दिला. पोर मात्र मांडीवर घेतलं. हे दोन्ही एकाच बाईनं, एकाच दुपारी केलं. याचं काय करायचं ते मला पंचावन्नाव्या वर्षीही कळलेलं नाही.

पण मी विठाबाईंबद्दल बोलत होते.

1935 चा जन्म, पंढरपूरचा, म्हणून विठा. वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, ज्यांच्या नावावर यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, रांग लावायच्या. त्या घरात ही पोर पायात चाळ बांधून मोठी झाली. 1957 ला आणि पुन्हा 1990 ला राष्ट्रपतींकडून गौरव झाला. दोन गौरवांमध्ये तेहेतीस वर्षं! एवढा काळ माणूस लोकांसमोर टिकतो तो काय एका बाळंतपणाच्या जोरावर? चीनच्या युद्धाच्या वेळी जवानांपुढे तमाशा केला. 2002 च्या जानेवारीत गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भरायला माणसं शोधावी लागली, आणि चार वर्षांनी सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. यातलं काल काय ऐकायला मिळालं? दगड.

आणि तुम्ही म्हणाल, गोष्ट खरी आहे ना मग? आहे. मी कुठे नाही म्हणतेय.

पण हीच गोष्ट पुरुषाची असली की आपण कशी सांगतो बघा. बालगंधर्व. 12 मार्च 1911, 'मानापमाना'चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली. प्रयोग झाला, त्यांनी रंगवलेली नायिका भामिनी उभी राहिली. हीसुद्धा मूल आणि रंगभूमी यांचीच गोष्ट, हीसुद्धा आपण शंभर वर्षं सांगतोय. पण आपण तिथे थांबतो का? माझे सासरे ही गोष्ट दोन वाक्यांत उरकायचे आणि पुढचे दोन तास त्या पदांवर बोलायचे. कोणती जागा कशी घेतली, ताल कसा अंगात मुरलेला होता, शालू कसा नेसायचे, अत्तर कोणतं. उतारवयातली कर्जं, लुळे पडलेले पाय, सगळं सांगायचे, पण गाण्याला लावून सांगायचे. पुण्यात 1968 पासून त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. असावंच. मला गंधर्वांचं काही काढून घ्यायचं नाही, त्यांच्या नुसत्या आलापानं माझ्या अंगावर आजही काटा येतो.

बरं, गंधर्वांच्या तबकड्या निघाल्या, यात्रेत रात्रभर चाललेल्या वगाची, तमाशातल्या नाटकाची, तबकडी कोण काढणार होतं. मान्य. पुढे चला.

तर गंधर्वांकडे दुःख आहे आणि गाणं आहे. विठाबाईंकडे आपण नुसतं दुःख ठेवलं. गाणं कुठे गेलं? गवळणीत उभं राहायची तऱ्हा कुठे गेली? बतावणीत सोंगाड्यानं ऐनवेळी टाकलेला शब्द उलटा फेकायला लागायची ती हजरजबाबी जीभ? तमाशाचा क्रमच तो: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग पहाटेपर्यंत वग. दहा हजारांचा जमाव बांधून ठेवायचा, त्यात निम्मे प्यालेले. शिट्ट्या मारणाऱ्या माणसाला दोन तासांनी वगात रडवायचं. ही कला नाही? ही सांगायला नको कोणी?

शाहीर पठ्ठे बापूराव घ्या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे. त्यांनी तमाशासाठी जात सोडली हे पहिल्या वाक्यात येतं, शाळेच्या निबंधातसुद्धा. आणि त्यांच्या फडात नाचणारी पवळाबाई हिवरगावकर? 'बापूरावांची पवळा.' झालं तिचं चरित्र. ती जातीनं महार, तिला सोडायला काही नव्हतंच, म्हणून तिचा त्याग मोजला जात नाही. आणि दिसायला फार सुंदर होती म्हणे! गायची कशी हो? शांतता.

(हे लिहिताना हात थरथरतायत. बीपीची गोळी घेऊन आले.)

त्या निष्ठेच्या वाक्यानं मला सगळ्यात जास्त आग लागली. अगं बाई, निष्ठा? फडात कलावंत वर्षाची उचल घेऊन येतो. उचल म्हणजे आधीच घेतलेले आणि बहुतेक वेळा आधीच संपलेले पैसे, ते फेडायचे नाचून. ज्यांचा स्वतःचा फड, त्यांच्या डोक्यावर सुपारी, ट्रकचं भाडं आणि मागं जेवणारी पन्नास-शंभर माणसं. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत घर बघत नाही आणि खरी कमाई शेवटच्या दोन महिन्यांतल्या यात्रांची. त्यात बाई बाळंत झाली तर रजा कोण देणार, गावची यात्रा कमिटी? नाळेच्या गोष्टीत मला तरी आधी निष्ठा दिसत नाही, बिनरजेची नोकरी दिसते. आणि आपण, ज्या सहा-सहा महिन्यांच्या रजेसाठी भांडलो, त्या या गोष्टीला टाळ्या वाजवतो.

आता थांबते, कारण इथे मी स्वतःच्याच जाळ्यात अडकतेय. मीही आत्ता काय केलं? तिची गोष्ट घेतली आणि रजेच्या भाषणाला जुंपली. गाणं पुन्हा राहिलंच.

तेवढ्यासाठी ती पडवीतली बाई.

त्या रात्री आम्हा पोरीबाळींना तमाशाला जायची परवानगी नव्हतीच. बायका दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला, म्हणजे फडाच्या दिवसाच्या खेळाला, जायच्या, देवळापुढे, उजेडात, पदर सावरून. रात्री फक्त पुरुष. पण आमच्या माळवदावरून मैदानातला उजेड दिसायचा. आजी ते तापलेलं पोर घेऊन वर जाऊन बसली, मी तिच्या मागे. कर्ण्यांतून सगळं स्पष्ट यायचं. आणि बाराच्या सुमाराला लाईट गेली. कर्णे मुके. थोडा गलका झाला, मग चार गॅसबत्त्या पेटल्या. आणि त्या काळोखातून, ओढा ओलांडून, बिनमाईकचा एक आवाज आला. बारीक, पण तुटलेला नाही. शब्द कळत नव्हते, चढणं-उतरणं तेवढं कळत होतं. आजी पोराला थोपटत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं झोपली. नव्हती झोपली. ऐकत होती.

ती आवाजवाली तीच, हे कळलं पहाटे. पोर न्यायला आली. तोंडावरचा रंग घामानं ओघळून मानेपर्यंत आलेला. पायातले चाळ सोडून आली होती, पण घोट्याभोवती काळं कडं पडलेलं, बैलाच्या खांद्याला जू घासून पडतं तसं. मी तेच बघत बसले होते. आणि ती बाई, आई असून, तापलेलं पोर रात्रभर परक्याच्या घरी टाकून गेलेली, पायरीवर उभी राहून पहिलं काय विचारते?

"आजी, लाईट गेल्यावर आवाज इथवर येत व्हता का?"

माझी आई नंतर कित्येक वर्षं हे सांगून नाक मुरडायची. 'पोराची चौकशी नाही, आवाजाची पडलीय!' मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मी स्वतः नोकरीत चार लोकांसमोर उभी राहायला लागले तेव्हा कुठे ते कळलं. पोर आजीच्या खांद्यावर गाढ झोपलेलं तिला दिसतच होतं. दिसत नव्हता तो आवाज. तो कुठवर गेला हे गाणाऱ्याला कधीच कळत नाही, ते दुसऱ्यानंच सांगावं लागतं.

आणि आपण विठाबाईंना काय सांगितलं? बाई, तुमची नाळ आमच्यापर्यंत पोचली.

2021 च्या मे महिन्यात तमाशातल्या कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. पुरुषी भूमिका गाजवलेली बाई, तो रुबाब पाहिलेले लोक अजून हयात आहेत. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर काय आलं? 'उपेक्षित कलावंताची करुण कहाणी.' रुबाबावर एक ओळ नाही. उलट पडद्यावरची तमासगिरीण बघा. हंसा वाडकरांचा तमाशावरचा सिनेमा 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला आणि पुण्यात 131 आठवडे चालला. तिकीट काढून, बायकांनीसुद्धा. पडद्यावर ती चालते, कारण ती खुर्चीपासून लांब असते आणि तिला चहा द्यावा लागत नाही.

हे जरा जास्त झालं. हंसाबाईंचं स्वतःचं आयुष्यही काही मऊ नव्हतं आणि काम तर अस्सल होतं. राहू दे तरी, पुसत नाही.

आता कबुली. रात्री घरी येऊन मी चिडून त्या निवेदिकेला मेसेज टाकला. लांबलचक. मला वाटलं ब्लॉक करेल. तिनं पाऊण तासानं उत्तर दिलं: 'काकू, खरंच सांगा, मग मी काय सांगायला हवं होतं? मला शोधून हेच सापडलं.' बावीस वर्षांची पोर. मी मोबाईल घेऊन बसले, म्हटलं हिला आत्ता दाखवते. तासभर शोधलं. मला भाषणं सापडली. पुरस्काराच्या बातम्या सापडल्या. नाळेची गोष्ट, अकरा वेळा, तीन वेगवेगळ्या बासऱ्यांसह. मला त्यांची एक लावणी अशी पटकन काढून तिच्या हातात देता आली नाही. आणि मी, जी पावभाजीच्या रांगेत लोकांच्या परीक्षा घेत होते, मला तरी विठाबाईंचं काय गुणगुणता येतं? काही नाही. मी त्यांना कधी ऐकलंच नाही. आमच्या तालुक्यातली बाई, नारायणगाव आमच्यापासून एसटीनं तासाभरावर, आणि मी हजेरीच्या वयाची होऊन गाव सोडेपर्यंत एकदाही गेले नाही, कारण चांगल्या घरच्या मुली जात नसत.

मुलीला तेवढंच लिहिलं. सॉरीही लिहिलं. आणि चुलतभावाला फोन केला, गावात जुने ढोलकीवाले, मागून सूर धरणारे झिलकरी कोणी आहेत का बघ, ज्यांनी विठाबाईंना ऐकलंय. तो म्हणाला, एक जण आहेत ऐंशी पार केलेले, पण कानानं गेलेत. मी म्हटलं, तोंडानं आहेत ना? रविवारी जाणार आहोत. निवेदिका म्हणतेय, मीही येऊ का.

आजीनं त्या बाईला काय उत्तर दिलं ते मघाशी राहिलं.

आजी खोटं बोलणारी नव्हती. कपाच्या बाबतीत नव्हती तशी याही बाबतीत नव्हती. म्हणाली, "येत व्हता की. पर वगात दुसऱ्यांदा वर चढलीस, तिथं गळा कापला तुझा."

बाई रागावली नाही. उलट पायरीवर टेकली. थोडा वेळ घोटा चोळत राहिली आणि म्हणाली, "व्हय. तिथं भ्यायले मी. अंधार व्हता ना." मग पोर खांद्यावर टाकून उठली. ओढ्यापर्यंत तेवढीच एक जागा घोळवत गेली, हळू आवाजात, तीनदा. तिसऱ्यांदा बरोबर लागली, असं आजी म्हणाली.