बाहेरून मीटर गप्प होतं, हे मान्य!

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी निम्मी पटली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तेल आणि वायूच्या पाइपांमध्ये साठणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे सगळं साध्या मातीतही असतं, मी उगाच भीती घातली, तुम्ही फील्डवर वर्षानुवर्षं पाइपला किरणोत्सार मोजायचं मीटर लावून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि मास्क-बिस्कचे नियम म्हणजे सेफ्टीवाल्यांची पोटं भरायचा उद्योग.

आधी माझ्या चुका. शीर्षक भडक होतं, बदललं आहे. दुसरी चूक तुमच्या नजरेतून सुटली, पण सांगायला हवी. 'तेलातून रेडियम येतं' असं मी लिहून बसलो. तेलात ते जवळजवळ नसतंच. तेलासोबत जे खारं पाणी वर येतं, त्यातून ते येतं. युरेनियम आणि थोरियम खाली खडकातच राहतात. त्यांच्यापासून तयार झालेलं रेडियम मात्र त्या पाण्यात विरघळतं. म्हणून विहीर जुनी होऊन पाणी जास्त द्यायला लागली की ही कटकट बहुधा वाढते.

आता मातीचं. बरोबर, मातीतही असतं: साधारण मातीत रेडियम-२२६ ग्रॅममागे ०.०३ बेकरेलच्या आसपास (सेकंदाला एक अणू फुटणं म्हणजे एक बेकरेल). पण पाइपात काय होतं ते पाहा. साठ्यातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी खाली सोडतात. त्यातलं सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातलं बेरियम एकत्र आलं की बेरियम सल्फेटचा दगडासारखा थर ट्यूबिंगच्या, म्हणजे विहिरीतल्या नळाच्या, आत धरतो. रेडियम रासायनिकदृष्ट्या बेरियमचंच भावंड, त्यामुळे ते त्या स्फटिकात बेरियमची जागा पकडून बसतं. पाणी निघून जातं, रेडियम मागे राहतं, वर्षानुवर्षं. कित्येक पाइपांत काहीच सापडत नाही, हेही खरं. पण अगदी टोकाच्या नमुन्यांत ग्रॅममागे १५,००० बेकरेलपर्यंत नोंदी आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांत, युरेनियम-थोरियमच्या साखळीतल्या द्रव्यांवर नियंत्रण हवं का, याचा विचार ग्रॅममागे १ बेकरेलच्या पुढे सुरू होतो. 'नैसर्गिक' या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही.

मीटरबद्दल मात्र मला तुमच्याशी वाद घालायचाच आहे. पाइपच्या बाहेर उभं राहून मिळणारा डोस बहुतेक वेळा किरकोळ असतो, इथे आपलं एकमत. पण किरणोत्साराच्या तीन प्रकारांपैकी (अल्फा, बीटा, गॅमा) पोलादाच्या भिंतीतून बाहेर येते ती गॅमा. अल्फा आतच अडते, बीटाही जवळजवळ सगळी अडते. धोका सुरू होतो तो पाइप उघडल्यावर: कोणी थर हातोड्याने ठोकून काढतो, कोणी ग्राइंडर लावतो, आणि ती कोरडी धूळ छातीत जाते. तुमचं मीटर ज्या प्रश्नाचं उत्तर देत होतं, तो प्रश्नच तुमच्या फिटरचा नव्हता.

वायूच्या बाजूला तर मामला आणखी फसवा. तिथे रेडियम नाही, रेडियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, रेडॉन, येतो. रेडॉन उकळतो उणे ६२ अंशांना. इथेन उणे ८९ ला, प्रोपेन उणे ४२ ला. त्यामुळे वायू वेगवेगळे काढताना तो नेमका या दोघांच्या सोबतीने जातो आणि प्रोपेनच्या पंपांत, टाक्यांत आपली पिलावळ (रेडॉन फुटून तयार होणारी किरणोत्सारी द्रव्यं) सोडतो. त्यातलं शिसं-२१० सगळ्यात चिवट, अर्धायुष्य २२ वर्षांचं. त्याची गॅमा इतकी दुबळी की पोलादातून बाहेर येतच नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. एका प्लांटवर प्रोपेनचा पंप दुरुस्तीला निघाला होता. मी बाहेरून मोजलं, आकडा परिसराइतकाच, आणि 'स्वच्छ' अशी चिठ्ठी स्वतःच्या सहीने लावली. दुपारी फिटरने पंप खोलला. इम्पेलरवर, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चक्रावर, काजळीसारखा पातळ काळा लेप होता. सहज पॅनकेक प्रोब (बीटाही टिपणारा चपटा डिटेक्टर) जवळ नेला तर काउंटर खडखडायला लागला. फिटर तोवर फडक्याने तो लेप पुसून, तेच फडकं खिशात खोचून मोकळा झाला होता. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर असतं: 'फक्त बाहेरून मोजले. आतून मोजलेले नाही.'

नियमांचं म्हणाल तर त्यातले कामाचे नियम फार साधे आहेत. थर ओला ठेवून काढा, शक्यतो जास्त दाबाच्या पाण्याने. पाइपची तोंडं बंद करून मगच हलवा. तिथे खाणं-पिणं, विडी-सिगारेट नको. वायूची टाकी रिकामी केली की लगेच आत शिरू नका. साधारण चार तास थांबलं की रेडॉनची अल्पायुषी पिलावळ संपते, कारण त्यांची अर्धायुष्यं अर्ध्या तासाच्या आत आहेत. याने शिसं-२१० जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या. मास्क सगळ्यात शेवटी येतो. सरसकट प्रत्येक वस्तूवर किरणोत्साराचा पिवळा स्टिकर चिकटवणाऱ्यांवर तुम्ही चिडला आहात, तो राग रास्त आहे. असं केलं की खऱ्या स्टिकरकडेही कोणी बघत नाही.

'काढलेला थर परत विहिरीत टाका, विषय संपला' हे तुम्ही उपरोधाने लिहिलंत, पण काही ठिकाणी खरंच तसं करतात: जुन्या विहिरीत भरून वरून सिमेंटचे बूच मारतात. वाईट मार्ग नाही. मात्र रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, तेव्हा कुठल्या विहिरीत काय भरलं याची नोंद तरी नीट हवी. अमेरिकेत जुनं ट्यूबिंग न तपासता भंगारात गेलं आणि कुंपणांना लागलं, असं घडलेलं आहे. लुइझियानाने १९८९ मध्ये याबद्दल नियम केले.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या मीटरला कोणता प्रोब होता, आणि उघडलेल्या पाइपच्या आत तो कधी घातला होतात का? आठवत असेल तर कळवा. आकडे असतील तर लेखात तुमच्या बाजूने घालीन.